त्याला चित्रं जमत नव्हती, म्हणून त्यानं स्वतःचा हात प्लॅस्टरमध्ये घातला आणि कम्प्युटरमध्ये उभा केला

साल १९७२. अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटीत युटा विद्यापीठाचा एक विद्यार्थी प्लॅस्टर ऑफ पॅरिस कालवून बसला होता. आपल्याकडं गणपतीच्या मूर्ती ज्याच्या होतात आणि हात मोडला की डॉक्टर जे घालतात, तेच हे पीओपी. या पोराचा हात मात्र धडधाकट होता. त्यानं डावा हात त्या लगद्यात घातला आणि प्लॅस्टर घट्ट होईपर्यंत गप्प बसून राहिला.

घोळ झाला तो हात बाहेर काढताना. पेणच्या कुठल्याही कारखान्यातलं शेंबडं पोरगंसुद्धा सांगेल की साच्यातून वस्तू अलगद सुटायची असेल तर आधी काहीतरी ओशट लावावं लागतं. या भावी डॉक्टरेटला हातावर व्हॅसलिन लावायचं लक्षातच राहिलं नाही. हाताच्या पाठीवरचे केस प्लॅस्टरमध्ये अडकले आणि ते उपटतच हात सोडवावा लागला.

या विद्यार्थ्याचं नाव एड कॅटमुल. पुढं ‘टॉय स्टोरी’ आणि ‘फाइंडिंग निमो’ काढणारी पिक्सार कंपनी ज्यांनी उभी केली, त्यांच्यातला हा एक. पण आजची गोष्ट पिक्सारची नाही. ती त्या प्लॅस्टरच्या हाताची आहे. कारण आज एखादा विद्यार्थी घरच्या लॅपटॉपवर ब्लेंडर उघडून थ्रीडी मॉडेल बनवतो, ते हलवतो आणि थ्रीडी प्रिंटरवर छापायला जातो, तेव्हा तो जे काही करतो त्यातलं बरंचसं त्या हातावर आधीच होऊन गेलेलं आहे. आणि छापताना तो जिथं हमखास अडकतो, त्याचं कारणही त्याच हातात सापडतं.

चित्रकार व्हायचं होतं, झाला फिजिक्सवाला

एड सॉल्ट लेक सिटीतच वाढला. लहानपणी त्याचे हिरो दोन होते, वॉल्ट डिस्ने आणि आइनस्टाइन. मोठं होऊन डिस्नेत ॲनिमेटर व्हायचं हे त्यानं ठरवून टाकलं होतं. पण कॉलेजला जायची वेळ आली तेव्हा एक गोष्ट त्याला स्वतःशीच कबूल करावी लागली. डिस्नेतल्या लोकांसारखं चित्र आपल्याला काढता येत नाही आणि ते कुठं जाऊन शिकायचं हेही माहीत नाही.

मग त्यानं दुसऱ्या हिरोची वाट धरली. फिजिक्स आणि कम्प्युटर सायन्स अशा दोन पदव्या घेतल्या, बोइंग कंपनीत थोडे दिवस प्रोग्रामर म्हणून काढले आणि १९७० मध्ये पुढच्या शिक्षणासाठी पुन्हा युटात आला.

इथं त्याचं नशीब उघडलं असं म्हणायला हरकत नाही. कारण त्या काळात कम्प्युटरवर चित्रं काढण्याच्या बाबतीत युटा विद्यापीठासारखी जागा जगात शोधून सापडली नसती. डेव्हिड इव्हान्स यांनी तिथला विभाग उभा केला होता. १९६८ मध्ये आयव्हन सदरलँड तिथं आले होते. याच सदरलँड यांनी १९६३ मध्ये ‘स्केचपॅड’ नावाचा प्रोग्राम लिहून कम्प्युटरच्या पडद्यावर थेट पेननं रेषा काढून दाखवल्या होत्या. अमेरिकी संरक्षण खात्याच्या अर्पा या संस्थेकडून पैसा येत होता आणि विद्यार्थ्यांना मोकळीक होती.

त्या विभागातून बाहेर पडलेली नावं बघितली तरी अंदाज येतो. जॉन वॉरनॉक यांनी पुढं अडोबी कंपनी काढली. आज आधार कार्डापासून लग्नपत्रिकेपर्यंत सगळं ज्या पीडीएफमध्ये फिरतं ती त्यांच्याच कंपनीची देणगी. जिम क्लार्क यांनी सिलिकॉन ग्राफिक्स आणि नंतर नेटस्केप काढली. व्हिडिओ गेमवाल्या अटारीचे नोलन बुशनेलही युटाचेच.

पण या भारी लोकांच्या अभ्यासाची पद्धत ऐकली तर हसू येईल. सदरलँड यांनी विद्यार्थ्यांना एक खरी वस्तू कम्प्युटरमध्ये आणायला सांगितली. वस्तू कोणती, तर त्यांच्या बायकोची फोक्सवॅगन बीटल गाडी. पोरांनी गाडीच्या अंगावर खुणा केल्या, मोजपट्ट्या घेतल्या आणि एकेक बिंदू मोजत गाडी कागदावर उतरवली. हेन्री गुरो नावाच्या फ्रेंच विद्यार्थ्यानं त्याआधी आपल्या बायकोच्या चेहऱ्यावरच रेघा मारून तो मोजला होता.

स्कॅनर नव्हता, माऊस घरोघरी पोचायला अजून दहा-बारा वर्षं होती, थ्रीडी सॉफ्टवेअर नावाचा प्रकारच जन्मलेला नव्हता. मोजपट्टी आणि चिकाटी एवढंच साहित्य.

त्रिकोणच का?

एडनं साचा मिळाल्यावर त्यात पुन्हा प्लॅस्टर ओतलं आणि स्वतःच्या हाताची प्रतिकृती मिळवली. मग पेन घेऊन त्या पांढऱ्या हातावर रेघा मारायला सुरुवात केली. बोटं, नखं, तळवा, मनगट, सगळीकडं एकमेकांना चिकटलेले छोटे त्रिकोण आणि इतर बहुकोन. एकूण ३५०. काम संपलं तेव्हा हातावर काळ्या धाग्याचं जाळं पसरल्यासारखं दिसत होतं.

आता तुम्ही म्हणाल, गुळगुळीत हातावर त्रिकोण कशाला?

कम्प्युटरला ‘हात’ कळत नाही, त्याला आकडे कळतात. खोलीचा एक कोपरा पकडा. तिथून एखादा बिंदू किती उजवीकडं, किती पुढं आणि किती वर आहे हे तीन आकड्यांत सांगता येतं. पण हाताच्या कातडीवर बिंदू अगणित आहेत. सगळे सांगत बसलो तर जन्म जाईल. म्हणून मोजकेच बिंदू घ्यायचे आणि त्यांच्यामधली जागा सपाट तुकड्यांनी झाकायची.

सपाट तुकड्यांत सगळ्यात भरवशाचा त्रिकोण. चूल आठवा. तीन दगडांवर भांडं डगमगत नाही, पण चार दगड मांडले आणि त्यातला एक जरी खालीवर झाला तरी ते लुडबुडतं. भूमितीतही तेच आहे. कुठलेही तीन बिंदू घ्या, ते एका सपाट पृष्ठभागावर बसतातच. चौथा बसेलच याची खात्री नाही. त्यामुळं आकार कितीही वेडावाकडा असला तरी शेवटी तो त्रिकोणांत तोडला की कम्प्युटरचं डोकं शांत राहतं. आज मोबाइलवर गेम खेळताना जे पात्र पळतं तेही त्रिकोणांचंच असतं. फक्त ३५० च्या जागी हजारो, कधी लाखो.

जाळं तयार झाल्यावर एडनं प्रत्येक कोपऱ्याचं माप घेतलं आणि ते आकडे टेलिटाइपवर, म्हणजे टाइपरायटरसारख्या मशिनवर बसून, एकेक करून कम्प्युटरमध्ये भरले. एक आकडा चुकला तर बोटाला टेंगूळ आलंच म्हणून समजा.

आकडे भरून झाले तरी काम अर्धंच होतं. सपाट तुकड्यांचा हात पडद्यावर आणला तर तो पैलू पाडलेल्या खड्यासारखा दिसतो, माणसाच्या हातासारखा नाही. इथं गुरोची युक्ती कामी आली. बायकोचा चेहरा मोजणाऱ्या या विद्यार्थ्यानं १९७१ मध्ये एक सोपा मार्ग काढला होता. त्रिकोणाच्या प्रत्येक कोपऱ्यावर उजेड किती पडतो तेवढं काढायचं आणि मधल्या जागेत एका कोपऱ्याचा उजेड दुसऱ्यात हळूहळू मिसळत न्यायचा. रांगोळीत गुलाबी रंग पांढऱ्यात फिका करत नेतात तसं. आकार तोच राहतो, त्रिकोणही तेवढेच राहतात, पण डोळा फसतो आणि हात गुळगुळीत वाटतो.

हे ‘डोळा फसतो’ लक्षात ठेवा. पुढं प्रिंटरच्या वेळी याची आठवण होणार आहे.

मिनिटभराचा हात

हात दिसणं वेगळं आणि हलणं वेगळं. बोट वाकवायचं म्हणजे त्या बोटाचे सगळे बिंदू सांध्याभोवती फिरवायला हवेत, पण सांध्याजवळची कातडी फाटताही कामा नये आणि एकमेकांत घुसताही कामा नये. पुन्हा पुढच्या पेराचे बिंदू मागच्या पेराबरोबर आपोआप गेले पाहिजेत. आज ब्लेंडरमध्ये आत ‘हाडं’ बसवून हे करतात आणि नवशिक्या पोरांचे कोपर अजूनही प्लॅस्टिकच्या पाइपसारखे मुडपतात. एडला ते सगळं प्रोग्राम लिहून करावं लागलं.

चित्रीकरणाची तऱ्हा आणखी निराळी. कम्प्युटर एक चित्र तयार करणार, पडद्यासमोर लावलेला कॅमेरा त्याचा फोटो घेणार, मग पुढचं चित्र. सिनेमाच्या २४ फ्रेमच्या हिशेबानं एका मिनिटाला १,४४० चित्रं. आपल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१० च्या सुमारास वाटाण्याच्या रोपाची वाढ अशीच एकेक फ्रेम घेत टिपली होती. फरक एवढाच की फाळक्यांसमोर खरं रोप होतं. इथं कॅमेऱ्यासमोर जी गोष्ट होती ती कुठंच अस्तित्वात नव्हती.

फ्रेड पार्क हा विद्यार्थी याच काळात माणसाचा चेहरा हलवायच्या मागं लागला होता. दोघांनी मिळून केलेल्या या फिल्मला आज ‘अ कम्प्युटर ॲनिमेटेड हँड’ म्हणून ओळखतात. त्यात हात गोल फिरतो, बोटं उघडतो, मिटतो, प्रेक्षकाकडं बोट दाखवतो. आणि मग कॅमेरा थेट हाताच्या आत शिरतो. आतून बोटांचे पोकळ बोगदे दिसतात.

आज ती फिल्म बघितली तर साधी वाटेल. पण तेव्हा कम्प्युटरवर गुळगुळीत, वळणदार, जिवंत वाटणारी वस्तू हलताना कुणी बघितलीच नव्हती. १९७६ मध्ये ‘फ्यूचरवर्ल्ड’ या हॉलिवूडपटात हा हात आणि पार्कचं चेहऱ्याचं काम झळकलं. २०११ मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनं जपून ठेवण्याच्या चित्रपटांच्या राष्ट्रीय यादीत या फिल्मचा समावेश केला.

मधल्या काळातला एक किस्सा मात्र सांगायलाच हवा. युटाच्या लोकांना वाटलं की डिस्नेशी देवाणघेवाण करावी. त्यांचा एक ॲनिमेटर इथं येऊन कम्प्युटर शिकेल, आपला विद्यार्थी तिकडं जाऊन गोष्ट कशी सांगतात ते शिकेल. एड लहानपणी स्वप्नात बघितलेल्या स्टुडिओत खरोखर गेला. डिस्नेला कम्प्युटर ॲनिमेशनमध्ये रस नव्हता. त्यांनी उलट त्यालाच नोकरी देऊ केली, ती ‘स्पेस माउंटन’ या थीम पार्कमधल्या राइडचं डिझाइन करण्याची. ज्या कंपनीत जायचं म्हणून पोरगं झुरलं त्या कंपनीची नोकरी, पण काम दुसरंच. एडनं ती नाकारली आणि परत येऊन पीएचडीला लागला.

समोर कोण, मागं कोण?

१९७४ च्या त्याच्या प्रबंधात आज प्रत्येक मोबाइलमध्ये चालणाऱ्या दोन गोष्टी आहेत.

पहिली झेड-बफर. अवघड नाव, साधं काम. मूठ मिटली की अंगठा बोटांच्या पुढं येतो. पुढचं दिसलं पाहिजे, मागचं झाकलं पाहिजे. आपल्याला हे सांगावं लागत नाही, कम्प्युटरला लागतं. एडनं सुचवलेला उपाय असा की पडद्यावरच्या प्रत्येक ठिपक्यासाठी रंगासोबत आणखी एक आकडा जपून ठेवायचा, तिथं आत्ता दिसणारी वस्तू किती लांब आहे. नवीन काही रंगवायला आलं की आधी विचारायचं, तू याच्यापेक्षा जवळ आहेस का? असशील तर रंगव, नसशील तर चालता हो. बसमधल्या खिडकीच्या सीटसारखा साधा हिशेब. पण त्या काळी मेमरी सोन्याच्या भावात होती आणि प्रत्येक ठिपक्यासाठी जादा आकडा म्हणजे उधळपट्टी वाटायची. जर्मनीत वोल्फगँग स्ट्रासर यांनाही त्याच वर्षी स्वतंत्रपणे हीच कल्पना सुचली होती. पुढं मेमरी स्वस्त झाली आणि ही उधळपट्टी ग्राफिक्स कार्डांचा नियम होऊन बसली.

दुसरी गोष्ट टेक्श्चर मॅपिंग. म्हणजे सपाट चित्र घेऊन ते वळणदार वस्तूवर चिकटवायचं, डब्याला लेबल लावतात तसं. झाडाची साल, साडीचे काठ, विटांची भिंत यांची प्रत्येक रेघ मॉडेलमध्ये उभी करायची गरज उरली नाही. आणि पहिलं चित्र त्यानं कुठलं चिकटवलं असेल? मिकी माऊसचं. डिस्नेनं कामावर घेतलं नाही, पण मिकी प्रबंधाच्या कामात शिरलाच.

पुढचा प्रवास बहुतेकांना माहीत असतो. न्यूयॉर्क इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, मग १९७९ मध्ये जॉर्ज लुकास यांची कंपनी, १९८६ मध्ये स्टीव्ह जॉब्स यांच्या पैशावर पिक्सार, १९९५ मध्ये पूर्ण कम्प्युटरवर बनलेला पहिला मोठा चित्रपट ‘टॉय स्टोरी’. २००६ मध्ये डिस्नेनं पिक्सार ७.४ अब्ज डॉलरला विकत घेतली आणि डिस्नेच्या ॲनिमेशन स्टुडिओची अध्यक्षपदाची खुर्ची कॅटमुल यांनाच दिली. मार्च २०२० मध्ये त्यांना आणि पॅट हॅनरहान यांना ट्युरिंग पुरस्कार जाहीर झाला. कम्प्युटरवाले त्याला आपलं नोबेल म्हणतात.

पण ब्लेंडर शिकणाऱ्या पोरांना कॅटमुल हे नाव वेगळ्याच ठिकाणी भेटतं. ब्लेंडरमध्ये ‘सबडिव्हिजन सरफेस’ नावाची सोय आहे. ती उघडली की तिथं ‘कॅटमुल-क्लार्क’ असं चक्क बटण दिसतं. १९७८ मध्ये कॅटमुल आणि नेटस्केपवाले जिम क्लार्क यांनी मांडलेली ही रीत. साधा ठोकळा घ्या, त्याला सहा बाजू. बटण दाबलं की प्रत्येक बाजूचे चार तुकडे होतात आणि नवे कोपरे आजूबाजूच्या बिंदूंची सरासरी घेऊन थोडे आत सरकतात. सहाचे २४, मग ९६, मग ३८४. तीन-चार दाबांत ठोकळ्याचा बॉल होतो. त्यामुळं शिकणाऱ्यानं ढोबळ आकार नीट बसवायचा, गोलाई कम्प्युटर आणतो. कुंभार आधी गोळा थापतो आणि मग फिरवत गुळगुळीत करतो, त्यातला दुसरा भाग फुकटात.

पडद्यावरचा हात टेबलावर आणायचा तर

इथपर्यंत सगळं पडद्यावर होतं. आता छपाईकडं येऊ.

१९८३ मध्ये कॅलिफोर्नियात चक हल नावाचे इंजिनिअर अशा कंपनीत काम करत होते जिथं टेबलाच्या पृष्ठभागावर पातळ थर देऊन तो अतिनील प्रकाशानं कडक करायचे. नवीन प्लॅस्टिकच्या भागाचा नमुना हातात यायला आठवडेच्या आठवडे जातात याचा त्यांना वैताग होता. त्यांनी विचार केला की प्रकाशानं एक थर कडक होतो, तर एकावर एक असे शेकडो थर का नाही रचायचे? त्यातून डोळे धुवायचा छोटा कप तयार झाला. जपानमध्ये नागोयाच्या हिदेओ कोडामा यांनी त्याआधीच याच दिशेनं काम केलं होतं, पण पेटंट, कंपनी आणि बाजार हे सगळं जमवलं ते हल यांनी. १९८६ मध्ये त्यांना पेटंट मिळालं.

दोन वर्षांनी स्कॉट क्रम्प यांनी मुलीसाठी खेळण्यातला बेडूक करायला ग्लू गन वापरली आणि वितळलेलं प्लॅस्टिक थरावर थर सोडायची दुसरी रीत निघाली. आज कॉलेजात किंवा शाळांच्या अटल टिंकरिंग लॅबमध्ये जो थ्रीडी प्रिंटर दिसतो तो बहुतेक याच घराण्यातला. चकलीचा सोऱ्या कम्प्युटरनं चालवला तर जे होईल ते. सोऱ्याचं भोक ०.४ मिलिमीटरचं, पीठ म्हणजे २०० अंशांच्या आसपास वितळलेलं प्लॅस्टिक, आणि थराची जाडी साधारण ०.२ मिलिमीटर. या हिशेबानं १८ सेंटिमीटर उंचीचा हात छापायला ९०० थर लागतात.

आता प्रश्न असा की प्रिंटरला आकार सांगायचा कसा? उत्तर वाचून प्लॅस्टरचा हात आठवेल. हल यांच्या कंपनीसाठी १९८७ च्या सुमारास एसटीएल नावाची फाइल ठरली. त्यात रंग नाही, नाव नाही, माप इंचात की मिलिमीटरमध्ये हेसुद्धा नाही. फक्त त्रिकोणांची यादी. प्रत्येक त्रिकोणाचे तीन कोपरे आणि त्याचं तोंड कुठल्या दिशेला आहे ते. संपलं.

एका त्रिकोणाला ५० बाइट लागतात, वर ८४ बाइटचा मथळा. एडच्या हातावर समजा सगळे त्रिकोणच असते, तर तो अख्खा हात १७,५८४ बाइटमध्ये मावला असता. रोज सकाळी फॅमिली ग्रुपवर येणारा ‘शुभ सकाळ’वाला गुलाब याच्या कित्येक पट मोठा असतो.

मग तो १९७२ चा हात आज प्रिंटरला दिला तर छापून येईल का?

जसाच्या तसा, नाही.

कारण कॅमेरा त्या हाताच्या आत शिरला होता. आत पोकळी होती आणि कातडीला जाडी नव्हती. शून्य. नुसता पृष्ठभाग, कागदाहूनही पातळ. पडद्याला त्यानं काही फरक पडत नाही, त्याला वरून काय दिसतं एवढंच हवं असतं. प्रिंटरला मात्र प्रत्येक थराला एकच प्रश्न पडतो, इथं प्लॅस्टिक सोडू की नको? आत कुठलं आणि बाहेर कुठलं हे जाळ्यावरून ठरत नसेल तर त्याच्याकडं उत्तर नसतं. जाळं पाण्याच्या घागरीसारखं सगळीकडून बंद हवं. एक त्रिकोण जरी गळाला तरी घागर गळते. आणि गुरोची रांगोळीसुद्धा इथं चालत नाही. पडद्यावर गुळगुळीत दिसणारा ३५० तुकड्यांचा हात छापला की पैलू हाताला लागतात. डोळा फसला होता, बोट फसत नाही.

युटातच याचं आणखी भन्नाट उदाहरण आहे. १९७५ मध्ये मार्टिन न्यूवेल हे संशोधक मॉडेलसाठी चांगली वस्तू शोधत होते. चहाच्या वेळी बायकोनं सुचवलं की ही किटलीच घे की. त्यांनी सॉल्ट लेक सिटीतल्या दुकानातून आणलेली ती पांढरी किटली ग्राफ पेपरवर काढली आणि तिचे वळणदार तुकडे कम्प्युटरमध्ये भरले. ही ‘युटा टीपॉट’ इतकी प्रसिद्ध झाली की ‘टॉय स्टोरी’त ती आहे आणि जुन्या विंडोजवर पडदाभर पाइप वाढत जायचे तो स्क्रीनसेव्हर आठवत असेल तर त्या पाइपांच्या सांध्यातही ती अधूनमधून उगवायची. खरी किटली आता कॅलिफोर्नियातल्या कम्प्युटर हिस्टरी म्युझियममध्ये आहे.

तर जगातल्या या सगळ्यात प्रसिद्ध मॉडेलला बूड नव्हतं. किटली टेबलावर ठेवली की खालची बाजू दिसत नाही, मग मोजायची कशाला? मूळ आकड्यांत २८ तुकडे होते. बुडाचे चार तुकडे नंतर १९८७ मध्ये जोडले गेले. शिवाय नळी आणि मूठ भांड्याला जोडलेली नव्हती, नुसती भिंतीतून आत घुसवलेली होती. पडद्यावर कुणाला काय कळतंय!

थ्रीडी शिकणाऱ्या विद्यार्थ्याची पहिली प्रिंट फसते ती बहुतेक वेळा इथंच. मोबाइलनं चहूबाजूंनी पन्नास-साठ फोटो काढून, त्यातून हाताचं किंवा घरातल्या मूर्तीचं मॉडेल करणारी ॲप आता आहेत. प्लॅस्टर नको, व्हॅसलिन नको. काही मिनिटांत लाखो त्रिकोणांचं जाळं तयार. पडद्यावर झकास दिसतं, पण टेबलाला टेकलेल्या बाजूला भोक असतं, कारण कॅमेरा तिथं पोचलाच नाही. न्यूवेलच्या किटलीचंच दुखणं.

मग ब्लेंडरमध्ये बसून भोकं बुजवायची, सपाट जागी उगाच साचलेले त्रिकोण कमी करायचे, एकमेकांत घुसलेले भाग एकजीव करायचे, पोकळ ठेवायचं असेल तर भिंतीला जाडी द्यायची. त्यानंतर स्लायसर नावाचं सॉफ्टवेअर मॉडेलचे काकडीसारखे काप करून प्रिंटरला मार्ग आखून देतं. तिथं दुसरा धडा मिळतो. बोटं वर करून उभा केलेला हात चांगला छापतो, पण बाजूला निघालेल्या अंगठ्याखाली आधार नसेल तर गरम प्लॅस्टिकचे धागे हवेत लोंबतात. साधारण ४५ अंशांपेक्षा जास्त कललेल्या भागाला खालून टेकू द्यावाच लागतो आणि नंतर तो मोडून काढावा लागतो. पडद्यावरच्या हाताला गुरुत्वाकर्षण नव्हतं.

आणखी एक चूक सगळ्यांची होते, ती म्हणजे उलटे त्रिकोण. मॉडेल बंद असतं, भोक नसतं, तरी स्लायसर मधलाच एखादा भाग गायब करतो. कारण काही त्रिकोणांची तोंडं आतल्या बाजूला वळलेली असतात आणि सॉफ्टवेअरला वाटतं की बाहेरची हवा म्हणजेच आतलं भरीव अंग. एसटीएलमध्ये यासाठी नियम आहे. त्रिकोणाचे कोपरे ज्या क्रमानं लिहिलेत त्या दिशेनं उजव्या हाताची बोटं वळवायची. अंगठा जिकडं जाईल ती बाहेरची बाजू. ब्लेंडरमध्ये सगळं मॉडेल निवडून शिफ्ट आणि एन दाबलं की उलटे त्रिकोण सहसा सुलटे होतात. तरीही एखादा त्रिकोण हट्टाला पेटलाच, तर पडद्यासमोर उजवा हात धरून, बोटं वळवून, अंगठा कुठं जातो ते बघत बसावं लागतं.